हद्दीपलीकडे ओलं झालेलं जाळं

धुक्यामुळे तांडेल चुकला, असं आमच्या गावात अजून सांगतात. सांगणारे चांगल्या मनाने सांगतात, पण ते खोटं आहे. धुकं मी त्याआधी वीस वर्षं सुकाणूवरून बघत होतो. म्हणून जे झालं ते मीच लिहितो. पंतोजीकडे मी चार महिने बसलो, तेवढ्या शिदोरीवर जमतं तसं लिहितो. ज्याला माझं अक्षर लागत नसेल त्याने दुसऱ्याकडून वाचून घ्यावं.

आमचं गाव ठाण्याच्या खाडीवर. पाण्यात खुंट रोवायचे, त्यांना जाळं बांधायचं आणि ओहोटीबरोबर जाळ्यात येईल ते घ्यायचं, हा धंदा. समोरचं गाव किरिस्तावांचं. फिरंग्यांच्या वेळी त्यांच्या पूर्वजांनी धर्म बदलला, धंदा तोच ठेवला. खाडी दोन्ही गावांनी वाटून घेतलेली. पाण्यावर रेघ मारता येत नाही, तेव्हा हद्द डोळ्याने धरायची. त्यांच्या इगर्जीची, म्हणजे चर्चची, पांढरी भिंत काठावरच्या मोठ्या वडाच्या उजवीकडे दिसते तोवर पाणी आमचं. भिंत वडाआड गेली की पाणी त्यांचं. होडी कुठूनही कुठे जावो, कोणी अडवत नसे. पण हद्दीपलीकडे जाळं ओलं झालं, की दोन्ही गावं बसत. चूक शिकाऊ माणसाच्या हातून झाली असेल तर एक नारळ आणि तोंडाने माफी, एवढ्यावर मिटे. तांडेलाच्या, म्हणजे होडीच्या म्होरक्याच्या, हातून झाली तर त्याने सबंध मोसम सुकाणूला हात लावायचा नाही.

मी तांडेल होतो. माझा बाप तांडेल, त्याचा बाप तांडेल. गावात माझ्यापेक्षा मोठी घरं होती, पण होडीवर चढलं की त्या घरांतली माणसंही माझं ऐकत. एवढंच माझ्यापाशी होतं, आणि ते मला पुरत होतं.

त्या साली माझी तीन माणसं रेल्वेच्या रुळांवर खडी टाकायला गेली आणि मला तीन नवी तयार करावी लागली. दोघे भाऊ, आजवर घरं शाकारणारे. तिसरा कोपर गावचा, आमच्या गावात घरजावई म्हणून आलेला, तिशीतला, भातशेती करणारा. सगळे त्याला जावईच म्हणत. हाताला चांगला, तोंडाला वाईट. दिसेल ते बोलायचा.

नाताळ जवळ आला होता. सकाळी ओहोटी लागल्यावर मी तिघांना घेऊन निघालो. मासळी आणायची नव्हती, हात बसवायचे होते. खुंटांत जाळं अडकू नये म्हणून दूर मोकळ्या पाण्यात गेलो. सुकाणू माझ्या हातात. धुकं होतं, पण काठ दिसत होता. वड दिसला, त्याच्या उजवीकडे पांढरी भिंत दिसली. मी म्हटलं, "थांबवा. इथे सोडायचं."

जावई हातात दोरी धरून काठाकडे बघत राहिला.

"तांडेल, ही भिंत इगर्जीची नाय वाटत."

"का? तुमच्या कोपरला याहून चांगली आहे?"

"तसं नाय. हिच्यावर क्रूस नाय. आणि किती लांबडी हाय बघा, गुरांच्या गोठ्यासारखी."

"क्रूस धुक्यात आहे. तू दोरी बघ. भात लावताना पण असाच मान वर करून उभा राहायचास काय?"

दोघे भाऊ हसले. धाकटा म्हणाला, "जावयाला सासुरवाडीत नवे डोळे फुटले."

मी जाळं सोडायला लावलं. त्यांनी ते वाईट सोडलं, मी ओढून घ्यायला लावलं, पुन्हा सोडायला लावलं. तिसऱ्या वेळी बरं पडलं. मी खूश होतो.

तेवढ्यात पलीकडची होडी आली. तिचा तांडेल माझ्याच वयाचा. त्याच्या लेकीच्या लग्नात मी जेवलेलो, माझ्या मुलाच्या लग्नात तो.

"काय रे," तो म्हणाला, "आमच्या अंगणात तुझी धुणी वाळत घालतोस?"

"अंगण तुझं कधीपासून? भिंत बघ की."

त्याने बघितलं. मग माझ्याकडे बघितलं, आणि हसला नाही. "बाबा, ती मिठाची वखार आहे. गेल्या आठवड्यात चुना दिला तिला. इगर्ज वडामागे गेली."

ती वखार बांधताना मी रोज बघितली होती. मातीच्या रंगाची बघितली होती. त्या काठावर पांढरं म्हणून एकच होतं, माझ्या बापाच्या वेळेपासून एकच. पांढरं दिसलं, तिथेच माझं बघणं संपलं. आता नीट बघितलं तर वडाच्या शेंड्यावर क्रुसाचं टोक दिसत होतं.

त्याने वाकून आमच्या जाळ्याची कड चिमटीत धरली, पाणी पिळलं आणि सोडून दिली. "उद्या दुपारी बसू," म्हणाला आणि गेला.

संध्याकाळी आमचे पाटील घरी आले.

"जावई शिकाऊ आहे," ते म्हणाले. "सुकाणू त्याच्याकडे होतं म्हण. नारळ देऊ, विषय मिटेल. पावसाळ्यापर्यंत होडी कोण नेणार तुझ्याशिवाय?"

जावई त्यांच्यामागून आला होता. तो म्हणाला, "म्हणा की, तांडेल. मी नवाच. मला कोण हसेल? सासरा तर तसाही रोज हसतो."

मी हो म्हटलं. इथे लपवत नाही, हो म्हटलं. उद्या काय बोलायचं तेही मनात जुळवून ठेवलं.

दुसऱ्या दिवशी त्यांच्या बंदरावर दोन्ही गावं बसली. त्यांच्या तांडेलाने विचारलं, "सुकाणूवर कोण होतं?" मी तोंड उघडायच्या आत जावई हात जोडून उभा राहिला.

"मी होतो."

"आणि तांडेल काय करत होता?"

हे आम्ही कोणी ठरवलं नव्हतं. जावई जरा अडखळला. "तांडेल... बसले होते. पाठ टेकून."

मागून कोणीतरी बाई म्हणाली, "अगो बाय! जावई होडी नेतो आणि तांडेल वाऱ्याला बसतो!" सगळे हसले. आमचेही हसले.

मी उठलो. "खोटं बोलतो तो. त्याला अजून सुकाणू धरता येत नाही. माझ्या होडीवर सुकाणू मी धरतो. हद्द मी बघितली, जाळं मी सोडायला लावलं." मग जे बोलायचं नव्हतं तेही बोललो. "आणि याने मला सांगितलं होतं, भिंत इगर्जीची नाही म्हणून. मी ऐकलं नाही."

पाटलांनी मान खाली घातली.

"मग तुझा मोसम गेला," त्यांचा तांडेल म्हणाला. त्याला ते आवडलं नव्हतं, दिसत होतं.

"गेला तर गेला."

पुढे लोकांनी मला खरं बोलणारा म्हणून फार मोठं केलं. मला ते हसणं सहन झालं नाही, एवढीच गोष्ट आहे. माझ्या होडीत मी पाठ टेकून बसलो होतो, असं मेल्यावरही कोणी म्हणू नये. खरं बोलणं त्यातून आपोआप झालं.

सुकाणू कोणाला द्यायचं, असं पाटलांनी मला विचारलं. मी म्हटलं, जावयाला द्या. धरायचं कसं ते मी शिकवीन, तोंडाने. हात लावणार नाही. पंधरा दिवस काठाजवळ त्याच्याकडून होडी वळवून घेतली. मी पुढच्या वल्ह्यावर बसायचो. माझ्या तळहाताला फोड आले तेव्हा धाकट्या भावाने विचारलं, "दुखतंय काय, तांडेल?" मी म्हटलं, "तुझं वल्हं बघ."

मग खऱ्या कामाला निघालो. पहिल्या दिवशी जावयाने मला विचारलं, "तांडेल, इथपासून हद्द किती?"

"मला विचारू नकोस. होडी तुझ्याकडे आहे."

भीतीने त्याने हद्दीच्या पुष्कळ अलीकडच्या खुंटांना जाळं बांधलं. तिथे काही लागत नाही हे मला पोरवयापासून ठाऊक. जीभ दाताखाली धरली. जाळं वर घेतलं तेव्हा आत मूठभर जवळा आणि दोन खेकडे. जावयाने ते बघितलं आणि मग माझ्याकडे बघितलं.

"उद्या पुढच्या खुंटांवर जाऊ?" त्याने विचारलं.

"जा की," मी म्हटलं, आणि वल्हं पाण्यात घातलं.