एकतिसावी मुलगी

राधानगरीकडच्या एका वाडीतल्या हेडमास्तरांचं पोस्टकार्ड आलं, तेव्हा क्रांतीबाईंनी ते वाचून उशीखाली सरकवलं आणि चार दिवस उत्तर दिलं नाही. पत्रात वावगं काहीच नव्हतं. मास्तर नवे होते. 'चिमी आणि धुकं' हे पुस्तक मुलांना फार आवडलंय, आपण येऊन वाचून दाखवावं, त्या दिवशी आयांनाही बोलावतो, एवढंच लिहिलं होतं. याच शाळेत क्रांती चौगले नावाच्या बाईंनी सात वर्षं शिकवलंय, हे त्या बिचाऱ्याला कुठून ठाऊक असणार?

ही २००३ सालची गोष्ट. क्रांतीबाई तेव्हा त्रेचाळीस वर्षांच्या होत्या. वडील पिराजी चौगले चळवळीतला माणूस, म्हणून हे नाव. नोकरी सोडून त्या कोल्हापुरात एका खोलीत राहत होत्या आणि मुलांसाठी लिहीत होत्या. प्रकाशकांनी हस्तलिखितं साभार परत पाठवली, तेव्हा त्यांनी मंगळवार पेठेतल्या एका छापखान्यात स्वतःच पुस्तकं छापून घेतली. मग कापडी पिशव्यांत भरून, एसटीनं गावोगाव शाळांत जाऊन त्या वाचून दाखवू लागल्या. गोष्टीतली म्हैस रेकली की वर्गातली मुलं रेकायची. आदल्याच आठवड्यात वारणानगरला कामगारांच्या पोरांनी त्यांना तीनदा चिमीचीच गोष्ट वाचायला लावली होती.

गोष्ट साधी होती. चिमी शाळेच्या सहलीला गडावर जाते, धुक्यात चुकते आणि एका म्हशीच्या गळ्यातल्या घंटेच्या आवाजामागं चालत घरी पोचते. प्रत्यक्षात ती पोचली नव्हती.

१९९१च्या ऑक्टोबरात चौथीची एकतीस मुलं घेऊन क्रांतीबाई पन्हाळ्यावर गेल्या होत्या. परतीचा पाऊस होऊन गेलेला. दुपारी तीनलाच धुकं असं उतरलं की तटावरचा माणूस दिसेना. मुलांना गाडीत चढवून त्या मोजत होत्या. तेवीसपर्यंत आल्या आणि मागं एका मुलाला उलटी झाली. त्याचं तोंड धुऊन, सदरा पुसून होईतो ड्रायव्हरनं गाडी सुरू केली होती. त्यांनी कागदावर एकतीस लिहिलं. गडाखाली वाघबीळजवळ एका मुलीनं विचारलं, "बाई, हौसा कुठं बसलीया?" गाडी माघारी फिरली. दुसऱ्या दिवशी दुपारी ती तटाखाली सापडली. दहा वर्षांची होती.

शिक्षण खात्याची चौकशी झाली. साहेबांनी विचारलं, मोजणी केली होती का? क्रांतीबाई म्हणाल्या, केली होती, एकतीस भरली होती. मग मुलगी फुलं तोडायला पुन्हा उतरली असावी, असा निष्कर्ष निघाला. त्यांना कुणी दोष दिला नाही. तीन महिन्यांनी त्यांनी आपणहून राजीनामा दिला. लोक म्हणाले, बाई हळव्या आहेत.

पाचव्या दिवशी त्यांनी येते म्हणून कळवलं. का, ते त्यांनाही नीट सांगता आलं नसतं. नाही म्हणायला कारण द्यावं लागलं असतं, आणि खोटं कारण हाताला येईना.

एसटी राधानगरीच्या वळणांवर लागली तशी त्यांनी चिमीचं पुस्तक पिशवीच्या तळाशी सरकवलं. दुसरंच पुस्तक वाचायचं, असं त्यांनी ठरवून टाकलं. हौसाचं घर ओढ्यापलीकडं होतं. तिची आई धोंडुबाई रानातल्या कामाची बाई, शाळेत कशाला येईल? असं मनाला समजावत त्या उतरल्या.

शाळेच्या पटांगणात सतरंज्या अंथरल्या होत्या. पुढं मुलं, मागं बायका. शेवटच्या रांगेत, भिंतीला पाठ लावून धोंडुबाई बसली होती. केस पांढरे झाले होते, बाकी तीच. तिनं क्रांतीबाईंकडं पाहिलं आणि नजर हलवली नाही.

क्रांतीबाईंनी पिशवीतून दुसरं पुस्तक काढलं. मुलांनी एकच गलका केला, चिमीची पायजे. मास्तर हसत म्हणाले, वाचा की बाई, तीच पोरांची आवडती. त्यांनी चिमीचं पुस्तक टेबलावर ठेवून वाचायला घेतलं. गाडीच्या खिडकीतून चिमीला पिवळी फुलं दिसतात, ती गुपचूप खाली उतरते, हे वाक्य आलं तेव्हा त्या थांबल्या. पाणी पिऊन त्यांनी पुढं वाचलं. मुलं तोंडानं घंटा वाजवत होती, रेकत होती. चिमी घरी आली. टाळ्या झाल्या.

मास्तर आभार मानायला उठले, तोच मागून धोंडुबाई म्हणाली, "मास्तर, थांबा जरा. मला बाईस्नी इचारायचं हाय."

ती उभी राहिली. जुन्या बायकांना आता काय होणार ते कळलं असावं. एकीनं तिचा पदर ओढला, तिनं तो सोडवून घेतला.

"बाई, गोष्टीतली पोरगी गाडीतनं उतरली, का चढलीच न्हवती?"

मास्तरांना वाटलं म्हातारीला गोष्ट समजली नाही. ते समजावून सांगू लागले. क्रांतीबाईंनी हातानं त्यांना थांबवलं. बारा वर्षं जे वाक्य त्या अंथरुणात पडून घोळवत होत्या, ते समोर एवढी पोरं बसलेली असताना उच्चारायचं होतं. नाही उच्चारलं, तर संध्याकाळच्या गाडीनं सुखरूप कोल्हापुरात पोचता येत होतं.

"चढलीच नव्हती," त्या म्हणाल्या. "मी तेवीसपर्यंत मोजलं आणि एकतीस लिहिलं. चौकशीत मी खोटं बोलले. हौसा उतरली नव्हती. ती खालीच राहिली होती, आणि मी गाडी जाऊ दिली."

मास्तर मागं सरकून खुर्चीत बसले.

धोंडुबाई म्हणाली, "मला ठावं हुतं. तिच्या मैतरणींनी तवाच सांगितलं. पर पोरींचं कोण ऐकतंय? बारा वर्सं हे गाव म्हणतंय, हौसा आगाव, फुलांपायी आपल्या पायानं मेली. तिचा बाप बी तेच म्हणत मेला." ती बायकांकडं वळली. "ऐकलासा न्हवं समद्यांनी? आता पुन्यांदा तसं म्हणू नगासा."

क्रांतीबाई माफी मागायला पुढं झाल्या. धोंडुबाईनं ती घेतली नाही. माफीचं नंतर बघू म्हणाली, आधी पुस्तकातलं ते फुलांचं खोडा. मग वैरण कापायची राहिलीय म्हणत ती ओढ्याच्या वाटेला लागली.

त्या आठवड्यात क्रांतीबाईंनी शिक्षण खात्याला सगळं खरं लिहून कळवलं. उत्तर आलं नाही. शिल्लक प्रती त्यांनी रद्दीत घातल्या. नव्या आवृत्तीत बाईंची मोजणी अर्धवट राहते आणि मुलगी खाली राहते, हे स्पष्ट लिहिलं. चिमीचं नाव हौसा केलं, घंटेमागं घरी येण्याचा शेवट तेवढा तसाच ठेवला. पहिली प्रत वाडीला पाठवली, पोच आली नाही.

पुढं प्रत्येक शाळेत वाचायच्या आधी त्या हौसा कोण होती ते सांगत. त्या वर्षी सहा शाळांनी बोलावणं रद्द केलं. सहलीच्या दिवसांत पोरांना असलं काय ऐकवायचं, असं एका हेडमास्तरांनी तोंडावर सांगितलं. क्रांतीबाई उरलेल्या शाळांत गेल्या. तिथं मुलं विचारत, ही खरंच घरी आली का? त्या सांगत, नाही. मग मुलं म्हणत, तरी वाचा.