पत्र्यावर पहिली कुदळ

विद्यापीठाचं आमचं छोटं आवार ढोकीच्या वाटेवर आहे. तिथल्या प्रयोगशाळेवर जुने सिमेंटचे पत्रे होते, म्हणजे अ‍ॅस्बेस्टॉसचे. वानरं त्यांवर उड्या मारायची आणि माझ्या टेबलावर पांढरी भुकटी पडायची. असा पत्रा फुटला की डोळ्यांना न दिसणारी कुसळं हवेत उडतात, श्वासातून छातीत जाऊन रुततात, आणि निघत नाहीत. मी रसायनशास्त्र शिकवते, म्हणून पत्रे काढण्याची देखरेख माझ्या गळ्यात पडली. मला आनंदच झाला. पत्रे भिजवायचे, बोल्ट सोडवून अख्खे उतरवायचे, प्लास्टिकमध्ये गुंडाळायचे, जवळपास कुणी फिरकायचं नाही. एवढंच तर होतं.

मग आमच्या संचालक सरांनी विचारलं, "शुभारंभ कुणाच्या हस्ते?"

"सर, आपण काही बांधत नाही आहोत. काढतोय."

"काम ते काम, मॅडम. नारळ न्हाय, कुदळ न्हाय, मग सुरू झालं हे लोकांना कळावं कसं?"

पाहुणे म्हणून बोलावलेले पुढारी वयस्कर, शिडी कुठून चढणार? म्हणून आवारात मांडव घालून मंच उभारला आणि एक पत्रा खाली उतरवून मंचावर टेबलावर मांडला. त्याला हळदकुंकू वाहिलं, झेंडूचा हार घातला. त्यावर पाहुणे पहिली कुदळ मारणार होते. मांडव भरलेला दिसावा म्हणून माझेच विद्यार्थी वर्गातून उठवून पुढच्या रांगांत आणून बसवले. मी सरांपुढं अक्षरशः हात जोडले. "सर, तो फुटला तर धूळ थेट पोरांच्या नाकात जाईल."

"हळूच मारायला सांगतो की," सर म्हणाले. कुदळ हळू कशी मारतात, हे मला अजून कळलेलं नाही.

शेवटी मीच दोन बादल्या पाणी आणून पत्र्यावर ओतलं. ओला असला तर निदान धूळ कमी उडेल. पण पाहुण्यांच्या पांढऱ्या कपड्यांवर शिंतोडे नकोत म्हणून सरांनी तो कोरडा पुसून घेतला. शिवाय पाहुण्यांना उकडू नये म्हणून त्यांच्या मागं मोठा पंखा लावला, तोंड पोरांकडं.

उसाच्या ट्रॅक्टरांमागं अडकलेले पाहुणे एकदाचे आले. फोटोवाल्यासाठी त्यांनी कुदळ डोक्यावर उचलली. मला राहवलं नाही. मी मंचावर धावले. "साहेब, मारू नका! ह्याची धूळ छातीत बसते, जिवावर बेततं!"

"व्हय का?" पाहुणे दचकले. "मग आदी का न्हाय सांगितलं?" आणि त्यांनी कुदळ हातातून सोडून दिली. ती पडली पत्र्यावरच. कोपरा तुटला, पांढरी धूळ उडाली.

त्यानंतर जी चपळाई दिसली ती आमच्या आवारात मी कधी पाहिली नव्हती. सत्काराची शाल सरांनी पाहुण्यांच्या नाकातोंडावर गुंडाळली, कार्यकर्त्यांनी त्यांना उचलल्यागत गाडीत नेलं, पाठोपाठ मंचावरची सगळी मंडळी आणि सर स्वतः. मांडवात पोरं तेवढी उरली, रांगेत, मांडीवर हात ठेवून. पंखा चालूच होता.

मी तोंडाला पदर लावून पंख्याची वायर उपटली आणि माइक ओढला. "पोरांनो, उठा! बाहेर पळा!"

कुणी हलेना. पहिल्या रांगेतली एक मुलगी चाचरत म्हणाली, "मॅडम, कार्यक्रम संपल्याबिगर कुणी उठायचं न्हाय, सर म्हनलेत."

"संपला कार्यक्रम!" मी जीव खाऊन ओरडले.

तेव्हा त्यांनी आधी टाळ्या वाजवल्या, आणि मग उठले.