साडूच्या गिरणीतला फळा

साडूने गिरणी टाकली त्या दिवशी मी नारळ घेऊन गेलो, पेढा खाल्ला, त्याची पाठ थोपटली आणि घरी येऊन बायकोला म्हणालो, "सहा महिन्यांत कुलूप लागतं बघ." ती म्हणाली, "मग काय, तुमच्या तोंडात साखर पडो म्हणू का?" साडू म्हणजे तिच्या धाकट्या बहिणीचा नवरा. तिला दोन्हीकडून बोलावं लागत होतं, आणि मला त्याचाही राग येत होता.

मुकुंदवाडीत माझी पिठाची गिरणी बावीस वर्षांची. चक्की एकच, ओटा लांबलचक, आणि त्या ओट्यावर सकाळपासून डब्यांची रांग. साडू वाळूजच्या एका कारखान्यात सुपरवायझर होता. पहाटेची शिफ्ट, कंपनीची बस, खिशाला तीन पेनं. कारखान्याने त्याला लवकर मोकळं केलं, तेव्हा तो महिनाभर रोज माझ्या ओट्यावर येऊन बसायचा. हातात एक छोटी वही असायची. बाजरी मागे का ठेवता, दगड खरबरीत करायला टाकी कधी लावता, हे पीठ जाड का, असले प्रश्न विचारायचा. रिकामा माणूस आहे, वेळ घालवतोय, असं मला वाटलं. खरं सांगायचं तर मला ते आवडायचंही. बावीस वर्षांत मला कोणी काही विचारलं नव्हतं, त्यामुळे मी खुशाल सगळं सांगत बसलो.

महिनाभराने त्याने दोन गल्ल्या पलीकडे, मोठ्या रस्त्याला लागून गाळा घेतला.

मी त्याच्या गिरणीत चहाच्या निमित्ताने गेलो तेव्हा पहिल्यांदा काय दिसलं असेल तर फरशीवर ओढलेले पिवळे पट्टे. कारखान्यात असतात तसे. ज्वारीचे डबे एका चौकोनात, गव्हाचे दुसऱ्यात, बाजरीचे तिसऱ्यात. प्रत्येक डब्यावर रंगीत चिठ्ठी. चक्क्या दोन, मिरचीचं मशीन वेगळं आणि तेही काचेच्या आड. भिंतीवर झाडू टांगलेला आणि त्याच्यामागे झाडूच्याच आकाराचा रंग मारलेला, म्हणजे झाडू जागेवर नसला की लगेच कळावं. दळण झालं की हा फोनवर बोट लावायचा आणि बाईच्या घरी मेसेज जायचा, 'आपलं दळण तयार आहे.' समोरच्या भिंतीवर मोठा पांढरा फळा, त्यावर एकाखाली एक ओळी. कोणतं धान्य कधी, कशानंतर काय, चक्की कधी झाडायची, सगळं.

मला झाडूचा हेवा वाटला. माणसाला दुसऱ्याच्या झाडूचा हेवा वाटावा इतकी वाईट वेळ माझ्यावर आली होती. माझा झाडू शोधायला मला रोज पाच मिनिटं लागायची.

"कसं वाटतंय, साडूभाऊ?" त्याने विचारलं.

"बरं हाय," मी म्हणालो. "पण पीठ झाडूनं दळत नसतं."

तो हसला. तो हसला याचं मला जास्त लागलं. चिडला असता तर मला घरी जाऊन दोन घास जास्त गेले असते.

त्यानंतर माझ्या ओट्यावरचे डबे कमी व्हायला लागले. आधी नवीन अपार्टमेंटवाल्या गेल्या. त्या जाणारच होत्या. मग आमच्या गल्लीतली, जिच्या तिन्ही पोरांचं नाचणीचं सत्त्व मी दळून दिलं ती, माझ्या दारासमोरून डबा घेऊन पुढे गेली. मी नुसतं पाहिलं, तर तीच म्हणाली, "काका, राग मानू नका. तिकडं थांबावं लागत नाय. कुकर लावला की फोनवर येतं." तिने मला फोन काढून दाखवला. मी तो मेसेज वाचला. शुद्धलेखन बरोबर होतं.

माझी पद्धत डोक्यात होती. कोणाच्या डब्याला कुठे पोचा आहे, कोणाला भाकरीचं पीठ जरा जाडसर लागतं, कोणाच्या म्हाताऱ्याला दात नाहीत म्हणून बारीक लागतं, हे मी डोळे मिटून सांगत असे. डबे ज्या क्रमाने आले त्या क्रमाने मी कधीच दळले नाहीत. बाजरीवर गहू टाकला की पोळी काळपट होते, म्हणून बाजरी मागे. डाळ सगळ्यांच्या शेवटी. आणि उपवासाचं, म्हणजे भगर, राजगिरा, साबुदाणा, हे सकाळी सगळ्यांत आधी, चक्की झाडून-पुसून. तरी दगडात आदल्या दिवशीचं थोडं राहतंच. म्हणून उपवासाच्या पिठातल्या पहिल्या दोन ओंजळी काढून ओट्यावर टाकायच्या, चिमण्यांसाठी. उशिरा कोणी भगर घेऊन आलं तर मी सरळ सांगायचो, "उद्या सकाळी." लोक कुरकुरत, पण ऐकत.

हे सगळं खरं, पण दिसायला काहीच नव्हतं. त्याच्याकडचं दिसत होतं.

गल्लीच्या टोकाला एक मास्तरीणबाई राहतात. जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेल्या, एकट्याच. माझ्या गिरणीचं पहिलं दळण त्यांचं. तेव्हा मला टाकीसुद्धा धड लावता येत नव्हती, पीठ रवाळ निघालं, तरी दुसऱ्या आठवड्यात त्या पुन्हा आल्या. सोमवार, चतुर्थी, एकादशी, नवरात्राचे नऊ दिवस, त्यांचा एकही उपवास चुकत नाही आणि त्यांचं उपवासाचं पीठ दुसऱ्या कोणी दळलेलं मला आठवत नाही. डबे कितीही कमी झाले तरी त्यांचा पितळी डबा ओट्यावर दिसला की मी अजून गिरणीवाला आहे असं मला वाटायचं. आणि रोज सकाळी मनात धाकधूक असायची की आज त्यांचा डबा पुढे जातो की काय. बाकी अख्खं मुकुंदवाडी त्याने घ्यावं, एवढा एक डबा घेऊ नये.

ह्याच धाकापायी मी ती गोष्ट केली. पितृपक्षात एकदा साडूच्या गिरणीत गेलो. तो आत मिरचीच्या मशीनपाशी होता. त्याची पाठ वळली तसा मी खिशातून फोन काढला आणि पट्टे, चिठ्ठ्या, फळा, सगळ्यांचे भराभर फोटो काढले. डोळा त्याच्या पाठीवर, बोट बटणावर. चोरी करतोय हे हाताला कळत होतं. घरी येऊन पाहिलं तर पंखाच जास्त आला होता. फळा अर्धामुर्धा, वरच्या ओळी कापलेल्या. पुन्हा जायची हिंमत नव्हती. म्हटलं, एवढं पुरे.

शहागंजातून प्लास्टिकचे नंबराचे बिल्ले आणले. ओट्यावर पिवळे पट्टे मारले. ते वाकडे आले. फोनवर मेसेज तयार करून ठेवला. बायको कमरेवर हात ठेवून बघत होती.

"तुमच्या साडूला विचारलं असतं तर त्यानं येऊन करून दिलं असतं."

"मला कुणाची भीक नको."

"भीक नाय, पण पट्टा तरी सरळ आला असता," ती म्हणाली आणि आत गेली.

घटस्थापनेपासून नंबर सुरू केले. काय सांगू, पहिले सात दिवस मी हवेत होतो. उपवासवाल्या सवयीने सकाळीच येत होत्या, त्यामुळे त्यांचे नंबर आपोआप पहिले लागत होते. नंबर पुकारायचा, मेसेज सोडायचा. गेलेल्या दोघी परत आल्या. मी मुद्दाम साडूच्या गल्लीतून फिरून आलो आणि त्याला ऐकू जाईल इतक्या मोठ्याने फोनवर "हां, अकरा नंबर झाला" असं कोणाला तरी म्हणालो. फोनवर कोणी नव्हतं.

आठव्या माळेला मास्तरीणबाई दुपारी आल्या. सकाळी कर्णपुऱ्याला देवीच्या दर्शनाला गेल्या होत्या, गर्दीत उशीर झाला. डब्यात भगर.

"आज होईल का रे? आत्ता तर गहू चालू दिसतोय," त्या म्हणाल्या. "नाहीतर उद्या सकाळी आणते. घरी आजच्यापुरते शेंगदाणे आहेत."

बावीस वर्षं मी जे उत्तर दिलं ते त्यांनीच माझ्या तोंडात दिलं होतं. नुसती मान हलवायची होती. पण ओट्यावर साडूकडून परत आलेल्या दोघी बसल्या होत्या, आणि त्यांच्यापुढे मला 'उद्या या' म्हणायचं नव्हतं.

"बाई, आता सिस्टिम आहे आपल्याकडं," मी म्हणालो. "हा घ्या चौदा नंबर. घरी जाऊन पडा, मेसेज येईल."

त्यांनी बिल्ला उलटसुलट करून पाहिला आणि पिशवीत टाकला. तेरा नंबर गव्हाचा होता, वीस किलोचा. मग चौदा. मध्ये चक्की झाडायची हे मला ठाऊक नव्हतं असं नाही. पण पंधरावाली म्हणाली, "काका, नंबर लवकर काढा," आणि मी भगर ओतली. पहिल्या दोन ओंजळी काढायला हात पुढे गेलाही होता. तेवढ्यात तेराचा मेसेज सोडायचा राहिला म्हणून मी फोन उचलला. पीठ डब्यात पडत राहिलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाई आल्या. डबा तसाच, झाकण लावलेला.

"भगरीची भाकरी थापताना फाटते," त्या म्हणाल्या. "नेहमी फाटते. काल फाटली नाही रे. मला खाऊन झाल्यावर लक्षात आलं."

भगरीला चिकटपणा नसतो, चिकटपणा गव्हाचा. हे मला त्यांच्याइतकंच कळत होतं. मी डब्यात हात घालून पीठ चोळलं आणि म्हणालो, "भगर नवीन असंल बाई. नवी भगर धरते थोडी."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. चाळीस वर्षं मुलांच्या थापा ऐकलेली बाई ती. "असेल," म्हणाल्या आणि डबा उचलून गेल्या. मी ज्वारी टाकली. दिवसभर एकही नंबर मोठ्याने पुकारला नाही.

दसऱ्याला आपट्याची पानं घेऊन साडूकडे जाणं भागच होतं, बायको सोबत होती. त्याने चक्क्या धुऊन-पुसून झेंडूच्या माळा घातल्या होत्या. फळाही पुसून तोच मजकूर नव्याने लिहिला होता. बायका आत गेल्या आणि मी एकटाच त्या फळ्यासमोर उभा राहिलो. माझ्या फोटोत न आलेल्या दोन ओळी तिथे सगळ्यांत वर होत्या.

'उपवासाचं सकाळी पहिलं, चक्की झाडून. उशिरा आलं तर उद्या.'

'पहिल्या दोन ओंजळी चिमण्यांना.'

साडू मागे येऊन उभा राहिला. "तुमचंच हाय की सगळं, साडूभाऊ. तुमच्या ओट्यावर बसून लिहून घेतलं. एक वही भरली व्हती. मला काय कळतंय दळणातलं? मी नुसतं वळीनं लावलं." मग हळूच म्हणाला, "चिमण्यांचं मला लई आवडलं."

गुरूची विद्या गुरूला, असं गमतीने म्हणायची रीत आहे. मला गंमत वाटली नाही. मी जे चोरायला आलो होतो ते माझंच होतं, आणि नेमकं तेच सोडून बाकीचं मी उचललं होतं. तरीही खोटं कशाला बोलू, त्या क्षणीसुद्धा मला त्याचा हेवाच वाटला. ते वाक्य बावीस वर्षं माझ्या तोंडात होतं, पण त्याच्या भिंतीवर ते जास्त शोभत होतं.

तिथून मी घरी गेलो नाही, बाईंकडे गेलो. सोनं हातात दिलं, पायाला हात लावला आणि उभ्याउभ्याच सांगितलं, "गहूच होता बाई. मी चक्की झाडली नाय."

"माहीत होतं," त्या म्हणाल्या. "तू कधी सांगतोस ते बघत होते. बस, चहा टाकते."

चहा घेताना त्यांनी शाळेतल्या गोष्टी सांगितल्या, माझ्या पहिल्या रवाळ पिठाचीही आठवण काढली. मी हसलो. वाटलं, मिटलं. निघताना त्या दारापर्यंत आल्या.

"ज्वारी-गहू तुझ्याकडंच आणीन," त्या म्हणाल्या. "उपवासाचं मात्र आता तिकडं देते. वाईट वाटून घेऊ नकोस. तिथं लिहिलेलं असतं रे."

लिहिलेलं असतं, हे खरंच होतं.

बिल्ले मी काढून ठेवले, पट्टे पुसट झाले. भिंतीवर खडूने त्या दोन ओळी मीही लिहिल्या आहेत. येणाऱ्यांना वाटतं साडूचं बघून लिहिल्या. एकादशीच्या सकाळी मी अजूनही लवकर येऊन चक्की झाडतो, दगड पुसतो आणि ओट्यावर बसून राहतो. आठच्या सुमाराला बाई पितळी डबा घेऊन समोरून जातात, जाताना हात करतात. मीही करतो. मग उठून ज्वारी टाकतो.