मैसूनच्या नोंदवहीतले तास

करक गावातल्या आमच्या मुलींच्या शाळेत शिकायला जड जाणाऱ्या मुलींसाठी एक वेगळी खोली आहे. मैसून तिथे सहाजणींना शिकवायची. निदान तसं ठरलं होतं. एखादी शिक्षिका आली नाही की मुख्याध्यापिका उम्म सुहैब यांचा आम्हा सगळ्यांसमोर निरोप यायचा : मैसूनला त्या वर्गावर पाठवा.

"तुझ्या सहाच तर आहेत गं. इथे बेचाळीस बोंबलतायत."

माझ्या बाळंतपणाच्या रजेत तिने माझी सातवी ब सांभाळली. तिच्या खोलीला कुलूप. त्या सहाजणी आपापल्या वर्गात, शेवटच्या बाकावर, भिंतीकडे बघत. नोंदवहीत मात्र "तास झाला" असं लिहायचं. रकाने रिकामे दिसले तर खोलीच बंद होईल, असं उम्म सुहैब म्हणत. मैसूनने लिहिलं. हळूहळू ती आमच्यात चहाला बसेनाशी झाली. अंगातला कोटही काढत नसे.

मार्चमध्ये शिक्षण खात्याच्या पर्यवेक्षिका आल्या. आम्हा शिक्षिकांच्या बैठकीत त्यांनी त्या सहाजणींपैकी एकीची, दुसरीतल्या जुमानाची, फाइल उघडली.

"चौऱ्याऐंशी तास झाले आणि मुलीला स्वतःचं नाव वाचता येत नाही? हिला अम्मानच्या केंद्रात पाठवा. इथे हिचं काही होणार नाही."

अम्मान दोन तासांवर. जुमानाची आई तिला पाठवणार नाही, घरी बसवेल, हे आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं.

मैसूनने नोंदवही ओढून घेतली, लाल पेन काढलं आणि एकेक ओळ खोडू लागली.

"हा झाला नाही. हाही नाही."

"मैसून, डोकं फिरलं का तुझं?" उम्म सुहैब उठल्याच.

"फिरलंय. नोव्हेंबरातच. तेच सांगायला आले होते, तर तुम्ही मला सातवी ब दिलीत."

त्रेपन्न ओळी खोडल्या गेल्या. पर्यवेक्षिकांनी त्या दोनदा मोजल्या.

"म्हणजे मुलीला धड शिकवलंच नाही."

"नाही."

"मग ती शिकू शकत नाही, असं मला लिहिता येणार नाही."

जुमाना राहिली. त्याच बैठकीत मैसूनवर खोट्या नोंदींचा ठपका आला. उम्म सुहैब यांचं नाव कुठेच नव्हतं. निरोप तोंडी असायचे.

"हे निरोप कुणी ऐकलेत का?" पर्यवेक्षिकांनी विचारलं.

खोडलेल्यांतले चाळीस तास माझ्या वर्गाचे होते. मैसूनने माझ्याकडे पाहिलं. मी बाळाच्या तापाचं काहीतरी पुटपुटले आणि बाहेर आले.