अर्धी पंगत आणि गोरखआबा

भाजे गावात लग्न कुणाचंही असो, पंगती बसवायचं काम गोरखआबांचं. शेवटची ओळ अर्धी राहिली की त्यांना अपशकुन झाल्यासारखं वाटे. मग ती भरायला ते स्वतःच पत्रावळीवर बसत. एकेका लग्नात तीनतीनदा जेवत, तेही बुंदीसकट. यंदा लोणावळ्याच्या डॉक्टरांनी रिपोर्ट पाहून बजावलं, "गोड थांबलं नाही, तर रोज सुई." सुईला आबा लहान पोरासारखे भीत.

आणि रविवारी तर पुतणीचं, सृष्टीचं लग्न.

"आबा, अर्धी ओळच पडू द्यायची नाही," सून अनघा म्हणाली. ती घरूनच पुण्याच्या कंपनीचं काम करी. तिने लॅपटॉपवर छोटासा प्रोग्राम लिहिला. माणसं दोनशे अकरा. ओळीत दहा ते वीस बसतात. ज्या आकड्याने भागून बाकी शून्य उरेल, तो दाखव. पडदा कोराच राहिला.

"बिघडलं व्हय?"

"नाही आबा. दोनशे अकराला भागच जात नाही. एकेकाला वेगळं बसवा, नाहीतर सगळ्यांची एकच ओळ."

"म्हंजे पार मळवली स्टेशनापत्तूर!"

अनघाने मागचेपुढचे आकडे तपासले. "पाच माणसं वाढवली तर बाराच्या ओळी जमतात."

"पाच बोलावली तर पन्नास रुसतील."

"मग एक कमी करा. दोनशे दहा. पंधरापंधराच्या चौदा ओळी, बाकी शून्य."

"कमी कुणाला करू? समदी घरची मान्सं!"

चुलीपाशी बसलेल्या झुंबरबाईंनी नवऱ्याकडे नुसतं पाहिलं. "साखर कुणाला हाय?"

रविवारी आबा उपाशीपोटी वाढत राहिले. चौदाव्या ओळीत शेवटचा माणूस बसला, तेव्हा त्यांची छाती फुगली. ओळी उठल्या, आणि बस लावून वऱ्हाडाचा ड्रायव्हर विक्की मंडपात शिरला. त्याला कुणी मोजलंच नव्हतं.

एकट्याला जेवायला बसवायचं? आबांच्या हयातीत असं झालं नव्हतं. त्यांनी अनघाकडे केविलवाणं पाहिलं.

"दोनाला दोननं भाग जातो ना गं?"

"जातो आबा. पण वरणभातच."

दोघे शेजारी बसले. आबांच्या पानात बुंदी नाही हे पाहून विक्कीला वाईट वाटलं. त्याने आपल्यातली मूठभर उचलून त्यांच्या पानात टाकली.

"उचल ती!" मंडपाच्या दुसऱ्या टोकाहून झुंबरबाई कडाडल्या.

आबांनी बुंदी गोळा केली, क्षणभर हुंगली, आणि विक्कीच्या पानात परत ठेवली.

"खा लेका. वळ भरली, बास झालं."