पंगतदादाचा दहावा

या ग्रुपवरचे तुम्हा सगळ्यांचे अनुभव मी चहा पिता पिता वाचतो आणि मनात म्हणतो, याला त्या रात्री ॲसिडिटी झाली असणार. मी तसला माणूस. भूत, चकवा, करणी... काही मानत नाही. लिफ्ट मध्येच अडकली की रामरक्षा आठवते, पण ते वेगळं.

त्यात माझ्या अनुभवात ना अमावास्या, ना वडाचं झाड. नवीन पनवेलमधली चार मजली सोसायटी, तिची गच्ची आणि रविवारची रखरखीत दुपार. समोर कर्नाळ्याचा सुळका. एवढंच काय ते वातावरण.

माझी मुलगी इरा सहावीत आहे. सकाळची शाळा. दुपारी आली की स्वतः कुलूप उघडते, जेवण गरम करून घेते. मी द्रोणागिरीला एका गोदामाच्या ऑफिसात, बायको वाशीला. दोघंही उगवतो दिवेलागणीनंतर. ‘आमची इरा एकटी सगळं करते हो,’ असं मी चारचौघांत मिरवायचो.

मग तिचा पंगतदादा गेला.

हा कोण, ते मला त्या दिवशी कळलं. पंचविशीतला एक मुलगा. एकटा राहायचा, दुपारी काहीबाही रांधायचा आणि मोबाईल समोर ठेवून जेवायचा. त्याचेच व्हिडिओ पंगतदादा या नावाने यूट्यूबवर टाकायचा आणि पोरं ते लावून जेवायची. बाईकच्या अपघातात गेला. बिल्डिंगमधली सगळी पोरं रडली आणि हळूहळू पुन्हा खेळायला लागली. इरा मात्र दुपारची जेवेना. रात्री आमच्यासोबत चार घास, दुपारचं ताट झाकलेलं तसंच. रागावून झालं, पिझ्झा झाला, डॉक्टर झाले. पोर सुकत चालली. मी म्हणालो, “अगं, तो आपला कोण लागतो?” तिने माझ्याकडे असं पाहिलं की मी कोण लागतो, याचाच मला विचार पडला.

दहाव्या दिवशी तीच म्हणाली, “बाबा, आजोबांचं केलं तसं दादाचं करायचं. कावळा शिवला तरच तो नीट गेला असं होईल ना?”

आमच्या गच्चीवरचे कावळे म्हणजे दरोडेखोर. वाळत घातलेल्या कुरडया माणसादेखत उचलतात. म्हटलं, दोन मिनिटांचं काम. वरणभात, बटाट्याची भाजी, वर पापड, असं ताट मांडलं. पोरं गोळा झाली. कावळे आले, पाण्याच्या टाकीवर ओळीने बसले... आणि बसूनच राहिले. एक काव नाही.

“दादा, आम्ही ॲड स्किप नाही करणार!” तिसऱ्या मजल्यावरचा ओम ओरडला.

“तुझं चॅनल बंद पडू देणार नाही,” मी हात जोडून म्हणालो. एका कावळ्याने चक्क पाठ फिरवली.

“अरे, तुला साधा फोटो फॉरवर्ड करता येत नाही,” बायको म्हणाली, “तू चॅनल चालवणार?”

उन्हाने टाळू तापली. शेवटी दर्भाचा कावळा करतात तसा मी कागदाचा केला. पोरं म्हणाली, “काका, ही कोंबडी आहे.”

“सगळे खाली जा,” इरा म्हणाली.

गेले सगळे. मी जिन्याच्या दाराआड थांबलो, बापच शेवटी. इरा ताटासमोर मांडी घालून बसली आणि बोलायला लागली. हळू, पण खूप वेळ. माझ्याशी ती एवढं कधी बोलली होती, आठवेना. शब्द एकही ऐकू आला नाही. मग एक कावळा उतरला आणि ताटापलीकडे तिच्यासमोर बसला. पण चोच लावेना. मान तिरकी करून तिच्याकडे बघत राहिला.

इराने ताटातला भात कालवला, घास तोंडात घातला. त्या ताटातलं खाऊ नये वगैरे मला आठवलं, पण मी दाराआडच राहिलो. तिने घास घेतला तशी त्याने ताटात चोच घातली. ती थांबली की तो थांबायचा. बाकीचे कावळे टाकीवरच... समोर पापड असताना!

संध्याकाळी मी पहिल्यांदा तिच्याशेजारी बसून त्या मुलाचा व्हिडिओ पाहिला. त्याने ताट वाढून घेतलं, मान तिरकी केली आणि कॅमेऱ्याकडे बघत नुसता थांबला. “तुम्ही घ्या आधी. तुम्ही घेतल्याशिवाय मी कसा घेऊ?”

मी व्हिडिओ मागे घेऊन तेवढंच पुन्हा पाहिलं.

बायकोचं म्हणणं, कावळा हुशार जात. माणसाने खाल्लं म्हणजे विषारी नाही, एवढं त्याला कळतं. पटतं मला. मग बाकीचे का नाही आले, असं विचारलं की ती भांडी लावायला लागते.

सोमवारपासून इराचं दुपारचं ताट रिकामं असतं. कुणासोबत जेवते, हे विचारायचा धीर होत नाही. एवढंच विचारलं होतं, “त्याला काय सांगितलंस गं?”

“तुला सांगून काय बाबा? दुपारी जमणारे का तुला?”

नाही जमत. ऑफिसात डबा उघडतो, पहिला घास हातात धरून जरा थांबतो. समोरचे पाटील म्हणतात, “घ्या की साहेब, कोणाची वाट बघताय?”

खरंच सांगतो, मला माहीत नाही.