रविवारी त्याला ओ द्यायला कोणी नव्हतं

दामोदर म्हात्रे गेल्याची बातमी मला ऑफिसच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर कळली. खाली जोडलेल्या हातांची रांग लागली होती, त्यात आमच्या मॅनेजरचेही हात होते. मी फोन पालथा ठेवला... सहा आठवडे झाले, राग उतरलेला नाही. आणि तो सगळाच दुसऱ्यांवर नाही.

पनवेलच्या त्या ऑफिसात आम्ही अकरा वर्षं शेजारी बसलो. रुग्णालयांच्या संगणक यंत्रणा दुरून सांभाळायच्या, हे आमचं काम. दामू सर्व्हर बघायचा, मी सूचना आणि रिपोर्ट लिहायचो. म्हणून मी त्याचा ‘मास्तर’. कुठलाही सर्व्हर बंद-चालू करण्याआधी तो कीबोर्डवरून हात उचलायचा, पडद्यावरचं नाव मोठ्याने वाचायचा आणि शेजारच्याने कागदावरून तेच नाव वाचून दाखवल्याशिवाय एंटर दाबायचा नाही. लोक हसायचे. दामूभाऊ, आरती झाली असेल तर प्रसाद द्या, म्हणायचे. तो चिडायचा नाही. त्याचा बापूस मिठागरावर होता. बांधातली उघाडी, म्हणजे पाणी आत घ्यायची झडप, खोलण्याआधी तो पलीकडच्या बांधावर हाक मारायचा, आणि तिकडून ओ आली नाही तर फळी उचलायचा नाही. खाडीचं पाणी चुकीच्या वाफ्यात शिरलं की पिकत आलेलं मीठ विरघळून जातं. दामू एवढंच सांगायचा आणि पुन्हा नाव वाचायला लागायचा.

मग नवे मॅनेजर आले. दोघांनी मिळून एक बटण दाबायचं, हे त्यांना हास्यास्पद वाटलं. रविवारच्या शिफ्टमधला दुसरा माणूस त्यांनी काढला. आमचा सरावाचा सर्व्हर आणि रुग्णालयाचा खरा सर्व्हर, दोन्हींच्या नावांत फक्त एका आकड्याचा फरक होता. दामूने तीनदा लेखी मागितलं, की माणूस देत नसाल तर निदान नाव बदला, तेही नको तर खऱ्या सर्व्हरचा पडदा लाल करा. उत्तर आलं, रंगरंगोटी नंतर बघू.

एका रविवारी दुपारी तो एकटा होता. एका हाताने फोन कानाशी धरलेला, पलीकडे तक्रार करणारा माणूस, समोर सरावाचा सर्व्हर रीस्टार्ट करायचं काम. त्याने एंटर दाबलं आणि रुग्णालयाच्या प्रयोगशाळेचे रिपोर्ट तीन तास बंद पडले. सुदैवाने कुणाच्या जिवावर बेतलं नाही.

चौकशीचा रिपोर्ट मी लिहिला. दामूची तीन पत्रं मी त्याला जोडली होती. मॅनेजर म्हणाले ती काढा, कारणाच्या जागी दोन शब्द पुरेत. मी काढली. कारण: मानवी चूक. पुढे दामूचं नाव. लिहिणाऱ्याचं नाव नव्हतं... ते कुणी मागितलं नाही आणि मीही दिलं नाही.

दामूने रिपोर्ट उभ्यानेच वाचला.

“मास्तर, चूक माजीच हाय. पन तिला वाट कोनी करून दिली, ते लिवायचं राहिलं.”

मॅनेजरांनी त्याला स्टोअरमध्ये जुने कीबोर्ड मोजायला बसवलं. पाच महिन्यांनी तो गेला. डॉक्टरांनी लिहिलं, हृदयविकाराचा झटका. तेही दोन शब्दांतच आटोपलं, असं मला वाटतं. पण मी डॉक्टर नाही.

गेल्या आठवड्यात मी रिपोर्ट दुरुस्त करून, तिन्ही पत्रं जोडून वर पाठवला. प्रकरण बंद झालं आहे, असं उत्तर दुपारच्या आत आलं. संध्याकाळी मी सुकापूरला त्याच्या घरी गेलो. वहिनींनी कपाटातून एक फाईल काढली. दामूची गुणपत्रकं, नेमणुकीचं पत्र आणि सगळ्यात शेवटी तो रिपोर्ट, सगळं क्रमाने लावलेलं. फाईल त्यानेच लावली होती. मुलगी आता बापाचे कागद बघायला मागते, हा कागद ठेवू की फाडू, असं त्यांनी विचारलं.

मी पेन मागितलं. कागदाच्या पाठीवर लिहिलं, की दामोदर म्हात्रे यांनी ही चूक होण्याआधी तीनदा लेखी इशारा दिला होता, तो दाबला गेला, आणि दाबणाऱ्यांत मी होतो. वहिनींनी सावकाश वाचलं. आभार मानले नाहीत, मानायचं कारणही नव्हतं. कागद माझ्यापुढे परत सरकवला.

“नाव नाय टाकलं, भावजी.”

मी पूर्ण नाव लिहिलं. त्यांनी कागद उलटा केला, माझी बाजू वर ठेवली आणि मुलीला हाक मारली.